कपाटाच्या दाराची आतली बाजू

क्लिफर्ड हेस्केथने जिंकलेला कप अजून त्याच्या घरातच आहे, पण जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे, पालथा घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं की त्याची बायको एव्हरिल म्हणते, "असेल कुठंतरी," आणि विषय बदलते. क्लिफर्ड तेव्हा खिडकीबाहेर बघत असतो.

हा माणूस एकोणतीस वर्षं कौन्सिलचा वजनमापे निरीक्षक होता. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी त्याच्यातला निरीक्षक काही निवृत्त झाला नव्हता. तो पबमध्ये शिरला की मालक स्वतः बिअरच्या नळाशी येई आणि फेस खाली बसेपर्यंत थांबून ग्लास काठोकाठ भरून देई. खाटकाच्या दुकानात सगळे मांसाकडे बघत, हा काट्याकडे. माणूस वाईट नव्हता. कुणाचं फुकट खाल्लं नाही, कुणाला उगाच छळलं नाही. पण आपण कायम बरोबरच्या बाजूला उभे आहोत, अशी त्याची स्वतःबद्दलची खात्री होती, आणि अशी खात्री असलेल्या माणसाबरोबर जेवायला बसणं सोपं नसतं. एव्हरिल चाळीस वर्षं बसत होती.

निवृत्तीनंतर त्याला जुन्या कॅम्परव्हॅनचं वेड लागलं. लँकेशरमध्ये हे वेड नवं नाही. आमच्याकडे निम्म्या पुरुषांना साठीनंतर ते लागतं, उरलेल्यांना कबुतरांचं लागतं. एव्हरिल खूश झाली. तिला वाटलं, आता स्कॉटलंडला जाऊ, समुद्राकाठी थांबू, सकाळी अंथरुणात बसून लाटा बघत चहा पिऊ. बिचारीने त्यासाठी दोन रंगीत मगही आणून ठेवले.

व्हॅन मिळाली ती खाडीकाठच्या एका बंगलीत, विनिफ्रेड डॉकरे नावाच्या बाईंकडे. १९६७ ची बेडफर्ड, खाली हिरवी, वर सायीच्या रंगाची. छप्पर एका बाजूने उचललं की लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड ताणलं जायचं आणि आत उभं राहता यायचं. आतलं सगळं जसंच्या तसं होतं. पिवळं फॉर्मायकाचं टेबल, दोन शेगड्या, उलगडून पलंग होणारी बाकं, नारिंगी फुलांचे पडदे आणि मागच्या कोपऱ्यात कपडे टांगायचं एक अरुंद कपाट. डॉकरेबाईंचे यजमान वॉल्टर गेल्याला पाच वर्षं झाली होती. बंगलीही विकायला काढली होती.

"सकाळीच मँचेस्टरचं एक जोडपं येऊन गेलं," बाई म्हणाल्या. "चांगली होती हो मुलं. तुमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार होती. पण आतलं सगळं उखडून फ्रिज टाकणार म्हणाली."

क्लिफर्डने व्हॅनच्या दारावर हात ठेवला. "उखडून?"

"हं. म्हणून मी म्हटलं, विचार करते."

"मी एक स्क्रूसुद्धा हलवणार नाही, बाई," क्लिफर्ड म्हणाला. "शब्द देतो. आतलं जे आहे ते तसंच राहील."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली. निरोप घेताना फाटकाशी म्हणाल्या, "आणि कधीतरी इकडून जात असलात तर घेऊन या ना तिला. आत बसून चहा घेऊ. पण मुद्दाम नको हं, वाट वाकडी करून तर मुळीच नको."

"अहो, यायलाच हवं!" क्लिफर्ड म्हणाला.

आता आमच्या देशात 'कधीतरी या' आणि 'यायलाच हवं' या दोन वाक्यांचा अर्थ 'बरंय, येतो' एवढाच असतो. सगळं गाव एकमेकांना असं बोलावत असतं आणि कुणी कुणाकडे जात नाही. 'कोणत्या दिवशी येऊ?' असं जर कुणी उलट विचारलं, तर समोरच्याला घाम फुटेल. क्लिफर्डनेही ते त्याच वजनाने ऐकलं. बाईंनी ते कोणत्या वजनाने म्हटलं होतं, हे तपासायचं मात्र या वजनमापे निरीक्षकाला सुचलं नाही.

त्याने शब्द पाळला, पण कसा, ते ऐका. बाकांवर प्लास्टिक घातलं. पडदे पेटीत ठेवले, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनापुरते लावायचे. शेगडी कधी पेटवायची नाही, कारण काजळी धरते. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो म्हणून हिवाळ्यात व्हॅन गॅरेजात, आणि उरलेल्या दिवसांत पाऊस असला तर बाहेर काढायची नाही. आमच्याकडे पाऊस कधी नसतो, हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल की ती व्हॅन किती फिरली असेल. प्रदर्शनाच्या गावी गेलं की क्लिफर्ड आणि एव्हरिल कुणाच्या तरी घरी भाड्याची खोली घेऊन झोपत, आणि पलंग असलेली व्हॅन मैदानात ताडपत्रीखाली झोपे. दोन मग अजून कागदातच होते.

पहिल्याच वर्षी अस्सल अंतर्भागाच्या स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला. रॉलिन्सन नावाचे एक परीक्षक होते, त्यांनी मागचं कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

दाराची आतली फळी बिनरंगाची होती, आणि वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने लिहिलेली होती. चाळीसेक ओळी, एका वर्षाची एक: कुठल्या गावी गेलो, काय झालं. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. वॉल्टर डॉकरेंचं.

"कारखान्यातून असं आलं नसणार," रॉलिन्सन म्हणाले आणि दोन गुण कापले. पहिला नंबर एका गुणाने गेला.

क्लिफर्डने त्या ओळी वाचल्या नव्हत्या असं नाही. पहिल्याच आठवड्यात गॅरेजात टॉर्च धरून वाचल्या होत्या आणि हसलाही होता. पण आता त्याला त्या ओळी दिसेनात, कापलेले दोन गुण दिसायला लागले. एका रविवारी दुपारी त्याने बारीक पॉलिश पेपर घेतला आणि फळी घासायला लागला.

एव्हरिल गॅरेजच्या दाराशी आली. "अरे, ते कुणाचंतरी आहे ना?"

"पेन्सिल आहे ती."

"पेन्सिल आहे ते मलाही दिसतंय. बाईंना विचारलंस का?"

"एव्हरिल, मी मूळचं ठेवीन असा शब्द दिलाय. मूळची फळी कोरी होती. मी शब्दच पाळतोय."

एव्हरिल घरात निघून गेली. क्लिफर्ड शीळ घालत वरून खाली घासत आला. अगदी तळाच्या ओळीशी अक्षर बदललं होतं. मोठं, गोल, थरथरतं, दुसऱ्या कुणाचं तरी. त्याने ती ओळ वाचली. शीळ थांबली. हात मात्र दोन क्षणच थांबला, आणि मग तीही ओळ गेली. वरून वॉर्निशचा एक पातळ हात दिला की काम झालं. या माणसाने व्हॅनच्या प्रत्येक खिळ्याचा, प्रत्येक बिजागरीचा फोटो काढून जाडजूड फाइल केली होती. त्या दाराच्या आतल्या बाजूचा फोटो मात्र तिच्यात एकही नव्हता. फोटो चांगल्या गोष्टींचे काढायचे असतात, आणि हा त्याच्या लेखी मळ होता.

व्हॅनला पन्नास वर्षं झाली त्या उन्हाळ्यात मोठं प्रदर्शन भरलं, रग्बी क्लबच्या मैदानावर. कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. एव्हरिल या खेपेला घरीच राहिली होती. क्लिफर्डने दारासमोर दोरी बांधली, पाटी लावली, 'कृपया हात लावू नये', आणि घडीच्या खुर्चीत बसला. दुपारी एका वृद्धाश्रमाची छोटी बस आली. चाकाच्या खुर्चीतल्या एका बाईंना तिथल्या मदतनीस मुलीने दोरीपर्यंत ढकलत आणलं. बाई अगदी वाळल्या होत्या, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात मोजे. त्यांनी एक मोजा काढला आणि हात लांब करून उघड्या दाराच्या कडेला बोटं टेकवली.

"बाई, हात नको," क्लिफर्ड खुर्चीतूनच म्हणाला. "पाटी आहे."

"अगबाई, माफ करा," बाई म्हणाल्या आणि मोजा घालून हात मांडीवर घेतला.

"तेलकटपणा लागतो ना हाताचा. आतलं सगळं मूळचं आहे."

"हो का? सगळं?" त्या जरा पुढे वाकल्या. "ते मागचं छोटं कपाट... ते जरा उघडून दाखवाल? त्रास नसेल तर."

"प्रेक्षकांसाठी नाही उघडत आम्ही."

"बरोबर आहे. मी आपलं उगीच म्हटलं. वॉल्टर असता तर म्हणाला असता, विनी, लोकांना त्रास देऊ नकोस."

क्लिफर्ड उठून उभा राहिला. चार वर्षांत त्या इतक्या आटल्या होत्या की त्याने त्यांना ओळखलंच नव्हतं. आता ओळखलं, आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की त्यांनी त्याला पहिल्यापासून ओळखलं होतं. 'ही माझीच व्हॅन होती' असं म्हणणं त्यांना चढेलपणाचं वाटलं असणार, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

इथवर चूक होती. ओळखलं नाही, हुकूम सोडला, माफी मागता आली असती. 'अहो डॉकरेबाई, तुम्ही! या, आत या,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण आत या म्हटलं की कपाट उघडायला लागणार, आणि दार उघडलं की आत कोरी, चकचकीत फळी. क्लिफर्ड दोरी ओलांडून आत गेला, कपाटाच्या दारावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाला,

"कुलूप अडकलंय हो. गेल्या आठवड्यापासून."

त्या कपाटाला कुलूप नव्हतंच. चाळीस वर्षं ते कपाट वापरलेल्या बाईंना तो हे सांगत होता.

डॉकरेबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "असू दे, असू दे," त्या घाईने म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. "छान ठेवलीय हो तुम्ही. अगदी नव्यासारखी."

मुलीने खुर्ची वळवली. क्लिफर्ड हात दारावर ठेवून तसाच उभा. एकोणतीस वर्षांत असे हात त्याने शेकड्यांनी पाहिले होते. काट्याखाली काही चिकटवलेलं असलं की दुकानदाराचा हात आपोआप तिथे जाऊन पडतो. तो त्यावरूनच चोर ओळखत आला होता.

तासाभराने बक्षिसं वाटली. 'सर्वांत अस्सल अंतर्भाग, क्लिफर्ड हेस्केथ!' रॉलिन्सननी हात मिळवून कप दिला, फोटो निघाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्याच रांगेत डॉकरेबाई होत्या. मोजे घातल्यामुळे त्यांच्या टाळीचा आवाज येत नव्हता. त्या वाजवत राहिल्या. क्लिफर्डला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी त्याने एव्हरिलला पहिला नंबर आला एवढंच सांगितलं. कप फायरप्लेसवर ठेवला, दुसऱ्या दिवशी उचलून टीव्हीमागे ठेवला. जेवण कमी झालं. पबमध्ये मालकाने अर्धा इंच फेस ठेवून ग्लास दिला, तो त्याने मुकाट्याने प्यायला, आणि मालकाला वाटलं याला काहीतरी दुर्धर झालंय. तिसऱ्या आठवड्यात एव्हरिल गॅरेजात गेली तर नवरा कपाटासमोर गुडघ्यांवर बसलेला, हातात पेन्सिल. फळीवर एक ओळ लिहिली होती. अक्षर ओढूनताणून उजवीकडे कललेलं.

"हे काय चाललंय?"

क्लिफर्ड दचकला. मग त्याने सगळं सांगितलं. दोरी, पाटी, कुलूप, टाळ्या. तळाची ओळही सांगितली. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही.

एव्हरिलने फळीवरची ओळ वाचली. "आणि आता खोट्या काट्यावर खरा शिक्का मारतोयस?"

"त्यांना बरं वाटेल म्हणून..."

"तुला बरं वाटेल म्हणून. पूस ते." ती वळली, परत थांबली. "गुरुवारी त्यांच्याकडे जायचं. व्हॅन घेऊन. मी आश्रमात फोन करते."

"गुरुवारी पाऊस सांगितलाय."

"क्लिफर्ड!"

"बरं."

गुरुवारी पाऊस म्हणजे धो धो पाऊस. आश्रमाच्या अंगणात, खाडीकडे तोंड करून व्हॅन उभी केली. छप्पर उचललं, पट्ट्यांच्या कापडावर पाणी तडतडायला लागलं. मदतनीस मुलीने आणि एव्हरिलने मिळून डॉकरेबाईंना आत बसवलं. बाकावर प्लास्टिक नव्हतं, पडदे लावले होते. मग मुलगी आश्रमात निघून गेली.

बाई बाकाच्या अगदी कडेवर बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. कशाला म्हणून हात लावला नाही.

क्लिफर्ड शेगडी पेटवायला गेला. चार काड्या झाल्या, पेटेना. चार वर्षांत त्याने ती कधी पेटवलीच नव्हती.

"डावीकडची," बाई हळूच म्हणाल्या. "आत दाबून अर्धीच फिरवा. तिला पूर्ण फिरवलेलं आवडत नाही."

पेटली. चहा झाला. एव्हरिलने रंगीत मग कागदातून काढले, पहिला बाईंना दिला. बाईंनी पर्समधून हातरुमाल काढला, त्याची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मग ठेवला.

"अहो, ठेवा ना तसाच," क्लिफर्ड म्हणाला.

"नको बाई. डाग पडेल."

हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं. क्लिफर्डला ते बघवेना. तो उठला आणि एक शब्द न बोलता त्याने कपाटाचं दार सताड उघडलं.

कोरी फळी. बाईंनी चष्मा चढवला. वरून खाली पाहिलं. मग मोजा काढला आणि बोटं फळीवर फिरवली, हळूहळू, आंधळा चाचपतो तशी. पेन्सिल दाबून लिहिलेली असली तर खाच राहते. पण क्लिफर्डचं काम चोख होतं. खाचसुद्धा राहिली नव्हती.

"मी घासलं," तो म्हणाला. "कुलूप वगैरे काही नव्हतं. मी खोटं बोललो. स्पर्धेत गुण कापले म्हणून घासलं, आणि तुम्हाला बघायला मिळू नये म्हणून खोटं बोललो."

"अहो, त्यात काय एवढं!" बाई लगेच म्हणाल्या. "मीच सारखी म्हणायची त्याला, वॉल्टर, पुसून टाक ते, किती घाण दिसतं."

एव्हरिलने खिडकीकडे तोंड फिरवलं. कुणी कुणाला वाचवायला खोटं बोलत होतं, हे तिघांनाही कळत होतं.

"मला तीन ओळी आठवतात," क्लिफर्ड म्हणाला. शाळेत उभं केल्यासारखा तो कपाटाशी उभा होता. "१९६९, स्टेथ्स. नऊ दिवस पाऊस. विनीचा एक बूट समुद्रात."

"अकरा," बाई म्हणाल्या. "अकरा दिवस. नऊ नव्हे."

"अकरा. १९७४, मॅलेग. किटली घरी राहिली. भांडण. मग मासे."

बाई हसल्या. खरंखुरं हसल्या, दात दिसले. "दोन दिवस बोललो नव्हतो."

"१९८३. कुठेच नाही, आई आजारी. घरासमोर उभ्या गाडीतच झोपलो."

"सात रात्री. शेजारी म्हणायचे, वेड लागलंय यांना." बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे क्लिफर्डवर आले. "आणि शेवटची?"

त्याची नजर फळीच्या तळाशी गेली.

"शेवटची आठवते?"

"आठवते."

"ती वॉल्टरची नव्हती. मी लिहिली होती."

"माहीत आहे."

"पुसताना माहीत होतं?"

आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. 'असो' म्हणतात, हवेबद्दल बोलतात. बाईंनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत त्या थांबल्या. छपरावर पाऊस पडत होता.

"हो," क्लिफर्ड म्हणाला. "अक्षर बदललेलं दिसलं. वाचली. आणि मग पुसली."

बाईंनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मोजा परत घातला. ती ओळ काय होती हे त्या बोलल्या नाहीत, त्यानेही बोलायचं धाडस केलं नाही, आणि एव्हरिलने तर आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी सांगतो तेवढंच खरं, की ती चार शब्दांची होती आणि तिच्यात गावाचं नाव नव्हतं.

"चहा बरा झालाय," बाई म्हणाल्या.

"दार लावू का?"

"लावा."

अर्ध्या तासाने मुलगी छत्री घेऊन आली. खुर्चीत बसता बसता बाईंनी मागे वळून, नेहमीच्या गोड आवाजात, आमच्याकडे सगळेच म्हणतात तसं म्हटलं, "खूप छान वाटलं हं. या परत कधीतरी. मुद्दाम नको, वाट वाकडी करून तर मुळीच नको."

क्लिफर्ड छत्रीबाहेर, पावसात उभा होता. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. 'यायलाच हवं' हे शब्द त्याच्या ओठावर आले होते, ते त्याने गिळले.

"कोणत्या वारी?" त्याने विचारलं.

मुलगी बघतच राहिली. बाईही क्षणभर गोंधळल्या, गाल लाल झाले. असं तोंडावर त्यांना सत्त्याऐंशी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"गुरुवार चालेल," त्या शेवटी म्हणाल्या. "गुरुवारी इथे काही नसतं." मग खुर्ची हलायच्या आधी, त्याच्याकडे न बघता, म्हणाल्या, "रुमाल माझा टेबलावरच राहिलाय. राहू दे तिथंच. मला लागणार आहे."